तर आणि तारण

रेवदंडा आणि साळाव यांच्यामधल्या कुंडलिकेच्या खाडीवर पूल झाला नव्हता, तेव्हा पलीकडे जायला तर, म्हणजे माणसे पार नेणारी होडी, होती. आमच्या घरातली वडीलधारी माणसे पूल झाल्यानंतरही कितीतरी वर्षे ‘तरीवरून जाऊन येतो’ असेच म्हणत. भरतीच्या वेळी तर हलत असे. मग नावाडी मोठ्या माणसांना हात देई आणि मुलांना बखोटीला धरून उचलून आत घेई. तरणे, तारणे, तारू, तारण हे सगळे एकाच कुळातले शब्द आहेत, हे गुरुजींनी शाळेत सांगितले तेव्हा मला बखोटीवरची ती पकड आठवली होती.

पुढे मी एका पतसंस्थेत नोकरीला लागलो आणि तारण हा शब्द रोज हाताखालून जाऊ लागला. सोनेतारण कर्जाचा अर्ज भरून घ्यायचा, सोनाराने बांगड्या कसाला लावून वजन सांगायचे, दागिने कापडी पिशवीत घालून दोरा बांधायचा आणि त्यावर लाख ओतून शिक्का उमटवायचा. तारण म्हणजे दिलेल्या शब्दाच्या बदल्यात दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेली वस्तू. कर्ज फिटेपर्यंत ती मालकाची असते आणि नसतेही.

तिसरा अर्थ मला माझ्या वर्गमित्राने ऐकवला. तो थेरोंड्याचा, कोळ्यांच्या घरातला. मध्यंतरी दारूपायी त्याची होडी गेली, घर मोडायला आले, आणि मुंबईला इस्पितळात पडून असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला येणाऱ्या काही विश्वासी मंडळींनी त्याच्यासाठीही प्रार्थना केली. वर्षभराने तो गावी आला तो पाण्याचा बाप्तिस्मा घेऊन, आणि मला भेटल्यावर ख्यालीखुशाली विचारून झाल्याबरोबर माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, ‘‘तुझं तारण झालंय का रे?’’ त्याच्या आवाजात वाद घालण्याची खुमखुमी नव्हती. बुडणाऱ्या माणसाला काठावरून हाक मारावी तशी ती हाक होती, आणि म्हणूनच मला ती टाळता आली नाही.

त्याने मला जे समजावले ते इव्हँजेलिकल ख्रिस्ती श्रद्धेचे सार होते. माणूस जन्मतःच पापाच्या सत्तेखाली असतो, त्याने कितीही पुण्यकर्मे केली तरी ती खाई त्याला स्वतःच्या बळावर ओलांडता येत नाही, येशूने वधस्तंभावर त्याच्या वाट्याची शिक्षा भोगली आहे, आणि ज्या क्षणी माणूस हे मनापासून मान्य करून येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारतो त्या क्षणी त्याचे तारण होते. हे दान असते, मजुरी नसते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ती ओळ माझ्या मित्राला तोंडपाठ होती. आईबाप ख्रिस्ती असले म्हणून मूल आपोआप तारले जात नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो की नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य दिसत नाही, आणि या मंडळींच्या दृष्टीने तो नवा जन्म ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येकापाशी सांगायला एक ‘साक्ष’ असते: मी असा होतो, अमुक दिवशी प्रभूने मला गाठले, आणि आता मी असा आहे. माझ्या मित्राला तारीख आणि वार दोन्ही सांगता येत.

त्याने हा प्रश्न मग गावात अनेकांना विचारला, आणि एक दिवस तो इस्राएल काकींच्या ओटीवर जाऊन बसला.

काकी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. आमच्या किनाऱ्यावर या समाजाला जुनी माणसे शनिवार तेली म्हणत, कारण घाणे चालवून तेल काढणारे हे लोक शनिवारी बैल जुंपत नसत. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे तारू अलिबागजवळ नवगावपाशी फुटले आणि त्यातून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. पोथ्या, पत्रे सारे समुद्राने नेले. उरले ते शनिवारचे पाळणे, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा इस्राएल’ हे प्रार्थनेचे शब्द. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ आला आणि त्याने बायकांपुढे मासळीचा वाटा ठेवला, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, यावरून त्याने त्यांना ओळखले, अशी गोष्ट सांगतात. ज्या किनाऱ्यावर कोळंबी आणि तिसऱ्यांवाचून जेवण गोड लागत नाही, तिथे पिढ्यान् पिढ्या एवढी एक निवड सांभाळून ठेवणे किती कठीण असेल, हे आम्हा कोकणी माणसांना वेगळे सांगायला नको.

काकींच्या घरी मी लहानपणापासून मलिदा खाल्ला आहे. भिजवलेले पोहे, ओल्या नारळाचा चव, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. ताट पांढऱ्या कपड्याने झाकलेले, आणि काका हिब्रूत एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, नाव घेऊन गायला लागले की आम्ही पोरे पोह्यांच्या वासाने अस्वस्थ होत असू. काकींचे वडील मशिदीत हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, होते. त्यांच्यात सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराला, मशीदच म्हणायची रीत आहे. रेवदंड्याची बेथ एल 1842 मधली, अलिबागची मागेन आबोथ 1848 मधली. दोन्ही वास्तू उभ्या आहेत. माणसे मात्र गेली, मुख्यतः इस्राएलला. काकींचे दोन्ही मुलगेही तिकडेच आहेत.

माझ्या मित्राने नव्या कराराची प्रत काकींपुढे ठेवली. काकींनी चष्मा लावून ती उघडली, पहिले पान वाचले आणि म्हणाल्या, ‘‘ही सगळी नावं आमचीच रे.’’ मत्तय आपले शुभवर्तमान अब्राहाम, इसहाक, याकोब या वंशावळीने सुरू करतो, हे मित्राला ठाऊक होते, आणि त्याला तो आशेचा धागा वाटला. काकींना ते एवढेच वाटले की आपल्या घरातली माणसे कोणीतरी ओळखतो आहे.

हा प्रसंग आमच्या किनाऱ्यावर नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले. स्कॉटिश मिशनने 1823 पासून बाणकोट आणि हर्णै येथे ठाणी केली. जॉन विल्सन 1829 मध्ये आले, मराठी शिकण्यासाठी हर्णैला राहिले, आणि 1832 मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले. बेने इस्राएल मुले मिशनच्या शाळांत शिकली, मोठी होऊन तिथे शिक्षकही झाली. ज्यांच्या पोथ्या समुद्राने नेल्या होत्या त्यांना मिशनऱ्यांनी हिब्रू भाषा आणि मराठीतले पवित्र शास्त्र हाती दिले, आणि त्यामागची आशा उघड होती: जुना करार, म्हणजे ज्यूंचेच धर्मशास्त्र, नीट वाचला की हे लोक नव्या कराराच्या दारात येऊन उभे राहतील. घडले वेगळेच. ते जुना करार वाचून अधिक पक्के ज्यू झाले, आणि ख्रिस्ती झालेल्यांची संख्या अगदी तुरळक राहिली. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाची, म्हणजे मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटल्याच्या सणाची, हागादा ही पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. पुढे याच समाजाने मराठी कीर्तनाची रीत उचलून अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने लावली. मिशनऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. त्यांनी दिलेले शिक्षण खरे होते आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी त्याबद्दल कृतज्ञताही ठेवली. पण त्यांचा अंदाज कुठे चुकला याचा मी बराच विचार केला आहे.

मला वाटते, तो तारण या शब्दातच चुकला. मिशनरी ज्याला तारण म्हणत होते त्याचे चित्र तरीवरच्या मुलासारखे आहे: पाणी, बुडण्याचे भय, आणि वरून आलेला हात. ज्यू मनात हे चित्र नाही असे नव्हे. मिसरमधून सुटून तांबड्या समुद्राच्या मधून कोरड्या पायांनी पार होणे हीच तर त्यांची मूळ कथा आहे. पण तिथे एकेकाला बखोटीला धरून उचललेले नाही. सगळे मिळून पार झाले, म्हातारेकोतारे, गुरेढोरे, कुरकुर करणारे आणि गाणारे. आणि ते पूर्वीच घडून गेले आहे. वल्हांडणाच्या रात्री प्रत्येक पिढीने असे मानायचे असते की मिसरमधून आपण स्वतः बाहेर पडलो. तेव्हा ‘तुझे तारण झाले का’ या प्रश्नाला काकींच्या बाजूने खरे उत्तर द्यायचे तर ‘आमचे केव्हाच झाले, आता त्यापुढचे बोल’ असे द्यावे लागेल.

त्यापुढचे म्हणजे देवाशी केलेला करार. सुटका आधी झाली आणि सीनाय पर्वतावर आज्ञा नंतर मिळाल्या, हा क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि तो न पाहिल्यामुळे ज्यू लोक कर्मे करून स्वर्ग विकत घेऊ पाहतात असा गैरसमज ख्रिस्ती प्रवचनांतून वारंवार ऐकू येतो. रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, परंपरेने मोजलेल्या 613 आज्ञा ही तरीची उतराई नाही. पलीकडे पोहोचलेल्या माणसांनी दिलेला तो शब्द आहे. इथे मला माझ्या कपाटातल्या लाखबंद पिशव्या आठवतात: हा सगळा समाजच दिलेल्या शब्दापोटी तारण म्हणून राहिलेला आहे, आणि शनिवार पाळणे, मासळी निवडणे, आठव्या दिवशी सुंता करणे ही त्या पिशवीवरची लाख आहे. ती कोणी फोडू म्हणाले, आत आणखी मौल्यवान काही घालून देतो म्हणाले, तरी ती फोडायचा अधिकार त्यांचा त्यांना वाटत नाही.

पापाविषयीचाही हिशेब वेगळा आहे. जन्मतः चिकटलेले पाप ज्यू विचारात नाही. प्रत्येकाच्या ठायी चांगल्याकडे आणि वाईटाकडे ओढणाऱ्या दोन प्रवृत्ती असतात आणि माणसाला परत फिरता येते. ‘तेशुवा’ या हिब्रू शब्दाचा अर्थच परत फिरणे असा आहे. त्यासाठी वर्षातले दहा दिवस विशेष राखलेले आहेत, रोश हाशाना या नववर्षदिनापासून योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत. बेने इस्राएलांनी हिब्रू नावे विसरूनही हे दिवस सांभाळले होते आणि त्यांना मराठी नावे दिली होती: पहिला नव्याचा सण आणि शेवटचा दारफळणीचा सण. दारफळणी म्हणजे दार लावून घेणे. काकींच्या आजीच्या वेळेपर्यंत त्या दिवशी माणसे पांढरे कपडे घालून, उपवास करून, दारे बंद करून बसत आणि बाहेरच्यांचा स्पर्शही टाळत, असे काकी सांगत. पण दार लावण्याआधी एक काम उरकावे लागते. मिश्ना या जुन्या ज्यू धर्मग्रंथाच्या योमा प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की माणसाने देवाविरुद्ध केलेल्या पापांचे क्षालन योम किप्पूरने होते; माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या पापांचे मात्र, तो दुसऱ्या माणसाची समजूत घालत नाही तोपर्यंत, होत नाही.

धर्मांतराकडे पाहण्याची नजर यातूनच वेगळी होते. ज्याला वाटते की तर एकच आहे आणि पाणी वाढते आहे, त्याने हाका मारायलाच हव्यात. न मारणे निर्दयपणा होईल. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करण्याची आज्ञा आहे, आणि माझा मित्र भर उन्हात वाड्यावाड्यांवर फिरतो तो त्या आज्ञेपायी. ज्यू परंपरेला असे फिरावेसे वाटत नाही, कारण तिच्या मते नोहाच्या वंशजांना, म्हणजे सगळ्या मानवजातीला, सात मूलभूत आज्ञा आहेत आणि त्या पाळणाऱ्या इतर लोकांतल्या सज्जनांनाही येणाऱ्या जगात वाटा आहे. ज्यू न होता माणूस देवाला प्रिय होऊ शकतो. त्यामुळे कोणी ज्यू व्हायला आला तर त्याला आधी परावृत्त करायची रीत आहे. तालमूद या रब्बींच्या ग्रंथात असे सांगितले आहे की त्याला विचारावे, बाबा, इस्राएल लोक आज गांजलेले आहेत हे तुला ठाऊक नाही का? तो म्हणाला की ठाऊक आहे आणि मी त्याच्या योग्यतेचा नाही, तर मग त्याला घ्यावे. मग शिकवण, तिघांचे न्यायमंडळ, पुरुषाची सुंता, विधिस्नान. असा आलेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा असतो, असेही तालमूद म्हणते. नव्या जन्माची भाषा दोन्ही घरांत आहे, पण एका घरात माणूस तारणाऱ्याच्या पोटी जन्म घेतो आणि दुसऱ्या घरात एका कुटुंबात. बायबलमधली परक्या देशातली सून रूथ आपल्या इस्राएली सासूला म्हणते, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. लोक आधी येतात, देव मागाहून, या क्रमाकडे काकींनीच एकदा माझे लक्ष वेधले होते.

उलट दिशेचे उदाहरण आमच्या कोकणातलेच आहे. दापोली-खेडच्या मुलखात करजगावला 1861 मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते एकटेच पुढे गेले. लक्ष्मीबाई काही वर्षे अलीकडेच राहिल्या आणि मग स्वतःच्या पायांनी तिकडे गेल्या. त्या ताटातुटीचे दुःख मोठे होते, पण टिळकांच्या दृष्टीने ती हाक एकट्यालाच आलेली होती आणि उत्तरही एकट्यानेच द्यायचे होते. ज्यू घरातला कोणी असा गेला तर शास्त्र म्हणते की पाप केले तरी तो इस्राएलच राहतो, आणि घर मात्र त्याच्यासाठी शोक करते. ज्यांची संख्या मुळातच मूठभर आहे आणि ज्यांना शतकानुशतके युरोपात तलवारीच्या धाकाने बाप्तिस्मे दिले गेले, त्या समाजाला प्रेमाने विचारलेला प्रश्नही ‘तुम्ही उरू नका’ असा ऐकू येतो. माझ्या मित्राला हे कळत नव्हते. आमच्या किनाऱ्यावर बेने इस्राएलांना कोणी छळले नाही हे खरे, पण काकींचे दोन्ही मुलगे जिथे गेले तिथल्या लोकांच्या आठवणी वेगळ्या होत्या.

आणि तिथेही बेने इस्राएलांना दुसऱ्या बाजूने दुखावले गेले. 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने असे निर्देश काढले की बेने इस्राएल व्यक्ती इतर ज्यूंशी लग्न करत असेल तर तिच्या मातृकुळाची शक्य तितकी मागची चौकशी करावी आणि शंका राहिल्यास विधिस्नानासारखे धर्मप्रवेशाचे विधी करावेत. ज्यांनी मिशनऱ्यांना नम्रपणे नकार दिला होता त्यांना आता स्वतःच्याच घरात ‘आधी आत या’ असे सांगण्यात येत होते. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की ज्यू आईच्या पोटी जन्मून ख्रिस्ती संन्यासी झालेल्या एका पोलिश गृहस्थाला ज्यू म्हणून नागरिकत्वाचा हक्क मिळणार नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न त्या समाजालाही सोपा नाही. बेने इस्राएलांनी जेरुसलेमात आंदोलन केले आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे सांगितले. मग ते निर्देश बदलले गेले. काकांनी ती सारी पत्रे आणि कात्रणे एका ट्रंकेत ठेवली होती. ‘‘बुडून वर आलेल्यांना पुन्हा पाण्यात उतरायला सांगतात,’’ एवढेच ते म्हणत.

काका 2003 मध्ये गेले. आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

माझ्या मित्राने 1994 मध्ये होडीच्या इंजिनासाठी आमच्या पतसंस्थेतून कर्ज घेतले होते आणि काका त्याला जामीन राहिले होते. कर्ज थकले. वसुलीची नोटीस माझ्याच हातून गेली, आणि काकांनी पेन्शनमधून हप्त्याहप्त्याने अठरा हजार रुपये भरले. मित्राने त्या काळात गावात तोंड दाखवले नाही आणि काकांनीही त्याचे नाव कधी काढले नाही. 2011 च्या आश्विनात तो पतसंस्थेत आला, माझ्या टेबलावर पैशांचे पाकीट ठेवले आणि म्हणाला की प्रभूने माझे सगळे कर्ज फेडले, मग हे एवढे मी कसे ठेवू? कृपेवर विसंबणारी माणसे वागण्याबाबत ढिली होतात, असे ज्यांना वाटते त्यांनी तो चेहरा पाहायला हवा होता. मी त्याला सांगितले की हे पैसे संस्थेचे नाहीत, ते काकींचे आहेत.

आम्ही दोघे काकींकडे गेलो. नव्याचा सण होऊन चार दिवस झाले होते. मित्राने पाकीट पुढे केले, हात जोडले आणि म्हणाला, ‘‘देवानं मला माफ केलंय काकी, तुम्ही पण करा.’’ काकींनी पैसे मोजून घेतले, पदराला डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘‘माझ्यापुरतं झालं. पण त्यांच्या वाटची माफी मी कशी देऊ? देव पण नाही देत.’’

त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेले होते, आणि मी नंतर पडताळून पाहिले तेव्हा बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू पंडिताच्या धर्मसंहितेतही तेच सापडले: ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि अमुक माणसाचा मी अमुक अपराध केला, असे सर्वांसमोर सांगावे, देणे असेल तर ते वारसांना द्यावे. मित्र बराच वेळ गप्प बसला. त्याच्या श्रद्धेप्रमाणे हिशेब वधस्तंभावर पुरा झालेला होता, आणि आता कबरीपुढे उभे राहणे म्हणजे त्या पुरेपणावर शंका घेणे होईल की काय, अशी त्याची खरी अडचण होती. मग तो म्हणाला, ‘‘येतो मी. प्रभूला यात काही कमी वाटणार नाही.’’

दारफळणीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही कब्रस्तानात जमलो. अलिबागहून काकींचा पुतण्या दोघांना घेऊन आला होता. गावातले इस्राएल पुरुष दोनच उरलेले, त्यातल्या एकाला चालवत नव्हते. काकींनी बोटावर मोजले: चार. मग त्यांनी मला मोजले, मित्राच्या थोरल्या भावाला मोजले, काकांचे सदरे शिवणाऱ्या मुसलमान शिंप्याला मोजले, संस्थेच्या निवृत्त शिपायाला, कब्रस्तानाची राखण करणाऱ्याला, आणि शेवटी मित्राच्या बायकोला. पुतण्या काही बोलू पाहत होता. ‘‘दहा इस्राएल पुरुषांचा जमाव प्रार्थनेसाठी लागतो,’’ काकी म्हणाल्या, ‘‘हे ऐकायला आलेत.’’

सुरूच्या झाडांतून वारा जोरात वाहत होता. मित्र कबरीपुढे उभा राहिला, काकांचे नाव घेऊन बोलला, पण त्याचा आवाज घशातच राहिला आणि आमच्यापैकी मागच्यांना काही ऐकू आले नाही. काकींनी त्याला पुन्हा एकदा, मोठ्याने, वर्ष आणि रक्कम यांसकट सांगायला लावले.